इटलीच्या वाइन प्रदेशांनुसार कशा समजून घ्याव्यात?

पुण्यातल्या एका दांपत्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: ते दोघे गेली काही वर्षे नाशिक परिसरातल्या वाइन आवडीने पीत आहेत आणि त्या बाटल्यांवर शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्यॉ, शेनां ब्लां अशी द्राक्षाच्या जातीची नावे ठळक छापलेली असल्यामुळे निवड करणे सोपे जाते, इटालियन बाटल्यांवर मात्र ओळखीचे काहीच सापडत नाही. येत्या ऑक्टोबरात ते दहा दिवसांसाठी इटलीला जाणार आहेत. तेथील वाइनचे वैविध्य कोणत्या क्रमाने समजून घ्यावे, सर्वांत वरच्या सरकारी दर्जाचा ‘डीओसीजी’ हा शिक्का म्हणजे हमखास उत्तम वाइन का, आणि इतक्या थोड्या दिवसांत कोणते प्रदेश पाहावेत, असे त्यांनी विचारले आहे. वाइनची निवड करणे आणि हॉटेलांतील कर्मचाऱ्यांना तिचे प्रशिक्षण देणे हाच माझा व्यवसाय असल्यामुळे हे तिन्ही प्रश्न माझ्यापुढे वारंवार येतात.

इटालियन बाटलीवर बहुधा द्राक्षाऐवजी जागेचे नाव असते. बारोलो हे एक गाव आहे, सोआव्हे हेही गाव आहे, कियांती ही डोंगराळ मुलुखाची ओळख आहे. बाटलीवर ‘बारोलो’ लिहायचे असेल तर द्राक्षे ठरलेल्या अकरा गावांच्या हद्दीतलीच हवीत, ती फक्त नेब्बिओलो जातीची हवीत आणि वाइन किमान अडतीस महिने, त्यांपैकी अठरा महिने लाकडी पिंपात, मुरलेली हवी, असे कायदा सांगतो. म्हणजे जात, जमीन आणि मुरवण्याचा काळ या तिन्ही गोष्टी त्या एका नावात आलेल्या असतात. काही नावांत जात आणि जागा दोन्ही सांगितलेल्या असतात, उदाहरणार्थ बार्बेरा द’आल्बा किंवा फियानो दी आव्हेल्लिनो. ‘मोंतेपुल्चानो’वर मात्र अनुभवी माणूसही अडखळतो. ‘व्हिनो नोबिले दी मोंतेपुल्चानो’ ही टस्कनीतल्या मोंतेपुल्चानो गावची वाइन असून ती मुख्यतः सांजोव्हेझे द्राक्षाची असते; ‘मोंतेपुल्चानो द’आब्रुत्सो’ ही आब्रुत्सो प्रदेशातली, मोंतेपुल्चानो नावाच्या द्राक्षापासून केलेली वाइन असते. या दोघींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही.

इटलीचे वीस प्रशासकीय प्रदेश आहेत आणि वाइन होत नाही असा त्यांत एकही नाही. लागवडीस मान्यता असलेल्या द्राक्षजाती साडेतीनशेहून अधिक आहेत. यामागे भूगोल आहे तसाच इतिहासही आहे. उत्तरेला आल्प्स, मधोमध आपेनिनी पर्वतरांग, तिन्ही बाजूंना समुद्र आणि दक्षिणेला जागृत ज्वालामुखी असल्यामुळे पन्नास किलोमीटरवर माती, उंची आणि वारा बदलतो. शिवाय इटलीचे राज्य म्हणून एकीकरण झाले ते १८६१ मध्ये. त्यापूर्वी हा देश लहानमोठ्या राज्यांत विभागलेला होता आणि प्रत्येक मुलुखाने आपली द्राक्षे, आपले पदार्थ आणि आपली वाइन स्वतंत्रपणे घडवली. त्यामुळे ‘इटालियन वाइनची चव कशी असते’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. सर्वसाधारणपणे सांगता येईल असे वैशिष्ट्य एकच, ते म्हणजे आम्लता. येथील बहुतेक वाइन जेवणासोबत पिण्यासाठी घडलेल्या आहेत, त्यामुळे नुसत्या चाखल्या तर त्या आंबट किंवा तुरट वाटतात आणि ताटासमोर मात्र खुलतात.

आता शिक्क्यांविषयी. भौगोलिक नावांना संरक्षण देणारा कायदा १९६३ मध्ये झाला आणि १९६६ पासून ‘डीओसी’ हा दर्जा प्रत्यक्ष मिळू लागला. त्याच्या वरचा ‘डीओसीजी’ हा दर्जा १९८० पासून दिला जाऊ लागला, आणि पहिल्या मानकऱ्यांत बारोलो, ब्रुनेल्लो दी मोंतालचिनो व व्हिनो नोबिले दी मोंतेपुल्चानो होत्या. १९८६ मध्ये उत्तर इटलीत मिथेनॉलची भेसळ केलेल्या स्वस्त वाइनने वीसहून अधिक लोकांचा बळी घेतला, त्यानंतर साऱ्या देशातच दर्जाविषयीची भूमिका कडक झाली. १९९२ च्या कायद्याने ‘आयजीटी’ हा तुलनेने मोकळा वर्ग तयार केला. डीओसीजी बाटलीच्या गळ्याशी क्रमांक असलेली सरकारी कागदी पट्टी चिकटवलेली असते. त्या पट्टीचा अर्थ इतकाच की वाइन त्या नावाच्या नियमांत बसते आणि अधिकृत चाचणीतून गेली आहे. ती तुम्हाला आवडेल किंवा शेजारच्या डीओसी बाटलीपेक्षा सरस असेल, असे ती पट्टी सांगत नाही. इटलीतल्या कोणत्याही सुपरमार्केटमध्ये काही युरोंना मिळणारी साधी कियांती डीओसीजी असते आणि देशातल्या सर्वांत महाग वाइनपैकी एक असलेली सास्सिकाया मात्र केवळ डीओसी असते. माझ्या मते शिक्का तिसऱ्या क्रमांकावर पाहावा. आधी जागा, मग उत्पादकाचे नाव, आणि मग शिक्का.

सुरुवात वायव्येकडून, पिएमोन्तेपासून करतो, कारण जागेमुळे वाइन कशी बदलते हे येथे सर्वांत स्वच्छ दिसते. आल्बा शहराभोवतीच्या लांगे टेकड्यांवर नेब्बिओलो हे द्राक्ष पिकते. ते लवकर फुटते आणि उशिरा, बहुधा ऑक्टोबरात, पिकते; त्यामुळे टेकडीचा दक्षिणाभिमुख, उन्हाचा उतार त्याच्यासाठी राखून ठेवतात आणि कमी उन्हाच्या जागी बार्बेरा किंवा दोल्चेत्तो लावतात. नेब्बिओलोची वाइन पेल्यात ओतली की नवखा माणूस फसतो. रंग फिका, जवळजवळ विटकरीकडे झुकणारा, पेल्यापलीकडची बोटे दिसावीत इतका पारदर्शक. वासात सुकलेला गुलाब, आंबट चेरी आणि थोडे डांबर. हलकी वाइन असावी असे समजून माणूस मोठा घोट घेतो आणि हिरड्या, गाल, जीभ एकदम आवळली जातात, कारण या द्राक्षाच्या सालीत आणि बियांत टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असते आणि आम्लताही तितकीच तीव्र असते. या दोन्हींमुळेच चांगली बारोलो वीस-तीस वर्षे टिकते.

त्या अकरा गावांतही फरक आहे. पश्चिमेकडच्या ला मोर्रा आणि बारोलो या गावांत निळसर चुनखडीयुक्त चिकणमाती अधिक आहे. तेथील वाइन सुगंधी आणि तुलनेने लवकर पिण्याजोगी होते. पूर्वेकडच्या सेर्रालुंगा द’आल्बा आणि मोन्फोर्ते द’आल्बा या गावांची जमीन भूगर्भीय दृष्ट्या जुनी, अधिक घट्ट आणि वाळूच्या दगडाचे थर असलेली आहे. तेथील वाइन कणखर असते आणि तिला दीर्घकाळ मुरू द्यावे लागते. हा नियम काटेकोर नाही, पण एकाच वर्षाच्या दोन बाटल्या शेजारी ठेवल्या तर बहुतेकांना तो जाणवतो. द्राक्षमळ्यांच्या हद्दी बार्बारेस्कोत २००७ मध्ये आणि बारोलोत २०१० मध्ये अधिकृतपणे ठरवल्या गेल्या, त्यामुळे आज बाटलीवर कान्नुबी किंवा आसिली असे मळ्याचे नावही वाचायला मिळते.

घडवण्याच्या पद्धतीवरूनही येथे मोठा वाद झाला. जुन्या पद्धतीत द्राक्षरस सालींसह कित्येक आठवडे ठेवत आणि नंतर मोठ्या, जुन्या पिंपांत वर्षानुवर्षे मुरवत. १९८० च्या दशकात काही तरुण उत्पादकांनी हा काळ कमी केला आणि नव्या फ्रेंच ओकची लहान पिंपे आणली. एलिओ आल्तारे यांनी वडिलांच्या तळघरातली जुनी पिंपे यांत्रिक करवतीने कापून टाकली, ही हकीकत लांगेत आजही सांगितली जाते. दुसऱ्या टोकाला बार्तोलो मास्कारेल्लो हे होते, ज्यांनी स्वतः रेखाटलेल्या एका लेबलावर लहान पिंपे आणि तत्कालीन राजकारणी बेर्लुस्कोनी या दोघांनाही एकाच दमात नकार लिहून टाकला. आज दोन्ही बाजू मवाळ झाल्या आहेत आणि बहुतेक उत्पादक मधला मार्ग घेतात. माझा कल मोठ्या पिंपांकडे आहे. नेब्बिओलोचा सुगंध इतका नाजूक असतो की नव्या ओकचा व्हॅनिलासारखा वास त्याला सहज झाकून टाकतो.

बारोलोच्या ईशान्येला असलेल्या बार्बारेस्कोचे द्राक्ष तेच, पण वाइन किमान सव्वीस महिने मुरवावी लागते. येथे १९५८ मध्ये गावच्या धर्मगुरूच्या पुढाकाराने एकोणीस छोट्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन ‘प्रोदुत्तोरी देल बार्बारेस्को’ ही सहकारी संस्था उभारली. सहकाराची ओळख महाराष्ट्राला करून देण्याची गरज नाही, पण एखादी सहकारी संस्था नऊ वेगवेगळ्या मळ्यांच्या स्वतंत्र रिझेर्व्हा, म्हणजे अधिक काळ मुरवलेल्या, वाइन काढते आणि त्या खासगी उत्पादकांच्या तोडीस तोड मानल्या जातात, हे मुद्दाम पाहण्यासारखे आहे. खर्च मर्यादित ठेवायचा असेल तर ‘लांगे नेब्बिओलो’ घ्यावी. त्याच उत्पादकांची ही धाकटी वाइन बहुधा तरुण वेलींची किंवा कमी मानाच्या मळ्यांची असते, लवकर बाजारात येते आणि द्राक्षाचा स्वभाव बारोलोच्या तुलनेत बऱ्याच कमी किमतीत दाखवते. पिएमोन्तेत आणखी बरेच आहे. जेवणाच्या शेवटी जेमतेम पाच टक्के अल्कोहोलची, गोडसर आणि हलके बुडबुडे असलेली मोस्कातो द’आस्ती घेऊन पाहावी. वाइन आवडत नाही म्हणणारी मंडळीही तिला नाही म्हणत नाहीत.

टस्कनीचा कणा सांजोव्हेझे हे द्राक्ष आहे. कियांती मुलुखाच्या सीमा तिसऱ्या कोझिमो या ग्रँड ड्यूकने १७१६ मध्ये फर्मान काढून आखल्या, म्हणजे वाइनच्या प्रदेशाला कायद्याने हद्द घालून देण्याच्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी तो एक आहे. पुढे १८७२ मध्ये बेत्तिनो रिकासोली यांनी सांजोव्हेझे मुख्य, सोबत कानायोलो, आणि लवकर प्यायच्या वाइनसाठी थोडी पांढरी माल्वाझिया, असे मिश्रण सुचवले. १९३२ मध्ये कियांती हे नाव आजूबाजूच्या मोठ्या क्षेत्राला लावण्यात आले आणि मूळ गाभ्याला ‘क्लासिको’ म्हटले जाऊ लागले. म्हणून आज ‘कियांती’ आणि ‘कियांती क्लासिको’ ही दोन स्वतंत्र नावे आहेत. दुसरीच्या बाटलीवर काळा कोंबडा असतो. दुकानात गोंधळ झाला तर कोंबडा पाहून घ्यावा.

१९६७ च्या डीओसी नियमांनी मात्र घात केला. लाल कियांतीत पांढऱ्या द्राक्षांचा दहा ते तीस टक्के वाटा सक्तीचा ठरला आणि उत्पादन वाढवण्याच्या धांदलीत वाइन पातळ होत गेली. त्याच सुमारास समुद्रकिनाऱ्याजवळच्या बोल्गेरी येथे मारियो इन्चिझा देल्ला रोक्केत्ता यांची कॅबर्ने द्राक्षाची सास्सिकाया १९६८ च्या हंगामापासून बाजारात आली आणि आन्तिनोरी घराण्याच्या तिन्यानेल्लोने १९७१ पासून सांजोव्हेझे लहान पिंपांत मुरवून नवा पायंडा पाडला. नियमांत न बसल्यामुळे या वाइन कागदोपत्री सर्वांत खालच्या ‘टेबल वाइन’ वर्गात पडल्या आणि किमतीत मात्र सर्वांच्या वर गेल्या. परदेशी पत्रकारांनी त्यांना ‘सुपर टस्कन’ म्हटले. अखेर नियमांनाच नमते घ्यावे लागले: कियांती क्लासिकोत २००६ च्या हंगामापासून पांढऱ्या द्राक्षांना बंदी आहे आणि सांजोव्हेझे किमान ऐंशी टक्के असावे लागते. आज कियांती क्लासिकोचा दर्जा मी पाहिलेल्या कोणत्याही काळापेक्षा चांगला आहे. वरच्या ‘ग्रान सेलेत्सिओने’ वर्गाला किमान तीस महिने मुरवावे लागते, पण त्यासाठी जादा पैसे मोजण्यापूर्वी त्याच उत्पादकाची साधी वाइन चाखून पाहावी. अनेकदा तीच अधिक ताजी आणि जेवणाला अधिक अनुकूल असते.

सिएनाच्या दक्षिणेला मोंतालचिनो आहे. हवा अधिक उबदार आणि कोरडी, आग्नेयेला आमियाता पर्वताचा आडोसा. येथे शंभर टक्के सांजोव्हेझेपासून ब्रुनेल्लो होते. बियोंदी-सांती घराण्याने १८८८ मध्ये ब्रुनेल्लोच्या नावाने वाइन बाटलीबंद केली, आणि १९६० च्या दशकापर्यंत हे नाव मोजक्या लोकांनाच ठाऊक होते. हंगामानंतरच्या पाचव्या वर्षाच्या १ जानेवारीपूर्वी ब्रुनेल्लो विकता येत नाही. तेवढा धीर आणि पैसा नसेल तर त्याच गावची ‘रोस्सो दी मोंतालचिनो’ घ्यावी. सांजोव्हेझेची ओळख तुम्हाला इटलीला जाण्यापूर्वीच करून घेता येईल, कारण सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूज येथे फ्रातेल्ली या वाइन कंपनीने टस्कनीतले वाइनतज्ज्ञ पिएरो मासी यांच्या मार्गदर्शनाखाली या द्राक्षाची लागवड केलेली आहे. आपल्याकडे वेल थंडीत झोपत नाही, वर्षातून दोन छाटण्या होतात आणि तोडणी उन्हाळ्याच्या तोंडावर येते, तर टस्कनीत वेल हिवाळाभर निद्रिस्त असते आणि एकच तोडणी शरदात होते. त्यामुळे अकलूजची आणि कियांतीची वाइन एकसारखी लागणार नाही, आणि दोन्ही शेजारी ठेवून चाखण्यातली गंमत त्यातच आहे.

ईशान्येच्या व्हेनेतोत वेरोना शहराच्या वरच्या टेकड्यांवर आमारोने तयार होते, आणि तिची पद्धत सांगली-तासगाव भागात वाढलेल्या माणसाला चटकन समजेल. कोर्व्हिना, कोर्व्हिनोने आणि रोन्दिनेल्ला या द्राक्षांचे निवडक, सुटसुटीत घड तोडून हवेशीर माळ्यांवर पसरतात आणि तीन-चार महिने तसेच सुकू देतात. आपल्याकडे बेदाण्यासाठी घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून शेडमध्ये जाळीवर टाकतात आणि पंधरा दिवसांच्या आसपास माल तयार होतो. येथे कोणतेही द्रावण नाही, ऊन नाही, केवळ हिवाळ्याकडे झुकणारी थंड हवा आहे. पूर्वी बांबूच्या तट्ट्या वापरत, आता बहुतेक ठिकाणी उथळ प्लास्टिकचे क्रेट एकावर एक रचतात. मण्यांची साल सुरकुतते, वजन तीस ते चाळीस टक्क्यांनी घटते, साखर दाट होते. जानेवारी-फेब्रुवारीत ही अर्धसुकी द्राक्षे चिरडून आंबवली जातात आणि साखर जवळपास संपेपर्यंत आंबवल्याने अल्कोहोल पंधरा-सोळा टक्क्यांपर्यंत जाते. एखाद्या क्रेटमध्ये बुरशी शिरली तर सगळी मेहनत वाया जाते, म्हणून ओल्या शरदात माळ्यावर पंखे लावून पहारा दिल्यासारखे लक्ष ठेवतात. आंबणे मध्येच थांबवले तर गोड रेचोतो होते, आणि आमारोनेच्या उरलेल्या चोथ्यावर साधी व्हालपोलिचेल्ला पुन्हा आंबवली तर ‘रिपास्सो’ होते. आमारोने भारदस्त असते, पण खरे सांगायचे तर दोघांना मिळून एक बाटली संपवणे जड जाते. रोजच्या जेवणाला साधी, थोडी गार केलेली व्हालपोलिचेल्ला अधिक योग्य.

याच प्रदेशातील प्रोसेक्को आपल्याकडे लग्नसमारंभांत पोहोचली आहे. ग्लेरा द्राक्षाची ही फसफसती वाइन मोठ्या बंद टाक्यांत दुसऱ्यांदा आंबवतात. या पद्धतीचे पेटंट फेदेरिको मार्तिनोत्ती या इटालियन संशोधकाने १८९५ मध्ये घेतले होते. सपाटीवरच्या अवाढव्य क्षेत्रापेक्षा कोनेल्यानो आणि व्हाल्दोब्बियादेने यांमधल्या टेकड्यांची प्रोसेक्को निवडावी. आणि लक्षात ठेवावे, ‘एक्स्ट्रा ड्राय’ ही ‘ब्रूट’पेक्षा गोड असते; नावावरून उलट समज होतो आणि ग्राहक तक्रार घेऊन येतात. शँपेनसारखी बाटलीत आंबवलेली वाइन हवी असेल तर लोम्बार्दीतली फ्रांचाकोर्ता किंवा त्रेंतिनोतली त्रेंतो पाहावी.

उत्तरेच्या सीमेवरचा आल्तो आदिजे पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रियाचा भाग होता आणि तेथे लेबलेही जर्मन-इटालियन अशा दोन भाषांत असतात. डोंगरउतारांवरच्या स्वच्छ, थंड पांढऱ्या वाइन ही त्याची ओळख. स्लोव्हेनियाला लागून असलेल्या फ्रिउलीत योश्को ग्राव्हनेर यांनी पांढरी द्राक्षे सालींसह कित्येक महिने मातीच्या पुरलेल्या रांजणांत ठेवून केशरी रंगाच्या वाइनची जुनी रीत पुन्हा रुजवली. मला त्या वाइन आवडतात, परंतु पहिल्याच भेटीत त्यांच्या वाटेला जाऊ नये. मध्य इटलीतली मार्के प्रदेशाची व्हेर्दिक्कियो ही देशातल्या उत्तम आणि अजूनही स्वस्त पांढऱ्या वाइनपैकी एक आहे. उंब्रियातले साग्रांतिनो हे द्राक्ष टॅनिनच्या बाबतीत नेब्बिओलोलाही मागे टाकते. एमिलियाची लाम्ब्रुस्को गोड, स्वस्त पेय म्हणून बदनाम झाली, परंतु सोर्बारा भागातली कोरडी, फिक्या गुलाबी रंगाची, खळाळती लाम्ब्रुस्को तेलकट, मसालेदार खाण्यासोबत फार छान जाते. झणझणीत जेवणाबरोबर जास्त टॅनिन आणि जास्त अल्कोहोल दोन्ही नडतात, तिखट आणखी भडकते; त्यामुळे पांढऱ्या रश्श्यासोबत एखादी पांढरी वाइन शोभेल, पण तांबड्या रश्श्यासमोर बारोलो किंवा आमारोने उघडून पैसे वाया घालवू नयेत.

दक्षिणेकडे जाताना काम्पानियात थांबावे लागते. आव्हेल्लिनोभोवतीच्या उंच, थंड टेकड्यांवर फियानो आणि ग्रेको ही दोन पांढरी द्राक्षे पिकतात, आणि मास्त्रोबेरार्दिनो घराण्याने युद्धोत्तर काळात ती टिकवून धरली नसती तर आज कदाचित दुर्मीळ झाली असती. लाल आल्यानिको इतके उशिरा पिकते की त्याची तोडणी अनेकदा नोव्हेंबरपर्यंत लांबते. त्यापासून ताउराझी आणि शेजारच्या बाझिलिकातात, विझलेल्या व्हुल्तुरे ज्वालामुखीच्या उतारांवर, आल्यानिको देल व्हुल्तुरे होते. पुल्याचे प्रिमितिव्हो आणि कॅलिफोर्नियाचे झिन्फांडेल हे एकच द्राक्ष असल्याचे जनुकीय चाचण्यांनी सिद्ध केले आहे, आणि त्याचे मूळ अ‍ॅड्रिआटिकपलीकडच्या क्रोएशियात सापडले. उन्हात पिकलेली, गोडसर वाटणारी ही वाइन शिराझ आवडणाऱ्यांना लगेच जवळची वाटते. सार्दिनियात व्हेर्मेंतिनो आणि कान्नोनाऊ. दुसरे म्हणजे जगभर ग्रनाश म्हणून ओळखले जाणारे द्राक्ष.

सिसिलीत मला तुमचे लक्ष वेधायचे आहे ते एत्नाकडे. जागृत ज्वालामुखीच्या उत्तर, पूर्व आणि दक्षिण बाजूंनी अर्धचंद्राकार पसरलेले हे मळे सुमारे चारशे ते हजार मीटर उंचीवर आहेत. लाव्हाच्या काळ्या दगडांचे गडगे रचून पायऱ्या केलेल्या आणि त्यांवर आधाराच्या खुंटीला बांधलेल्या, झुडपासारख्या बुटक्या वेली. अनेक जुन्या वेली फिलॉक्सेरा या मुळे पोखरणाऱ्या किडीतून वाचल्या, कारण ज्वालामुखीच्या वाळूसारख्या मातीत ती तग धरत नाही; त्यामुळे कलमाच्या खुंटाशिवाय स्वतःच्या मुळांवर उभ्या असलेल्या शंभरी गाठलेल्या वेली येथे पाहायला मिळतात. प्रत्येक मळ्याची माती वेगळ्या काळच्या लाव्हाची आहे, म्हणून शेजारशेजारच्या ‘कोन्त्रादां’ची, म्हणजे मळ्यांच्या वाड्यांची, वाइन निराळी लागते. १९८१ च्या उद्रेकात रांदात्सोजवळचे काही मळे लाव्हाखाली गेले. जमिनीचा नकाशा येथे अजून पूर्ण झालेला नाही.

एत्नाला डीओसी १९६८ मध्येच मिळाली, पण पुढची दोन दशके द्राक्षे घाऊक विक्रीतच जात राहिली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस जुझेप्पे बेनान्ती यांनी आणि २००० च्या सुमारास आंद्रेया फ्रांकेत्ती यांच्यासारख्या बाहेरून आलेल्यांनी जुने मळे पुन्हा कसायला घेतले. नेरेल्लो मास्कालेझे या लाल द्राक्षाचा रंग फिका आणि टॅनिन घट्ट असते, त्यामुळे अनेकांना ते नेब्बिओलोचे दक्षिणेतले नातलग वाटते. जनुकीय दृष्ट्या तसा थेट संबंध नाही, पण पेल्यातले साम्य खरे आहे. पूर्वेच्या मिलो गावाभोवती कार्रिकांते या पांढऱ्या द्राक्षाची वाइन लिंबासारखी आंबट, किंचित खारट आणि दीर्घकाळ टिकणारी होते.

त्यामुळे दहा दिवसांच्या सहलीसाठी माझा सल्ला लांगे आणि एत्ना असा आहे. टस्कनी सुंदर आहे, पण तिच्या वाइन भारतातही तुलनेने सहज मिळतात, आणि तेथे ऑक्टोबरात पर्यटकांची गर्दी असते. लांगेत चार-पाच दिवस राहावे. तेव्हा नेब्बिओलोची तोडणी सुरू असते आणि आल्बात पांढऱ्या ट्रफलची जत्रा भरलेली असते. तेथून मिलान किंवा तोरिनोमार्गे विमानाने कातानियाला उतरून एत्नाच्या उत्तर उतारावर तीन दिवस घालवावेत. तेथेही तोडणी ऑक्टोबरातच चालते. एकाच आठवड्यात दोन टोकांच्या, फिक्या रंगाच्या आणि घट्ट बांध्याच्या दोन लाल वाइन एकापाठोपाठ चाखल्या की जागेचा परिणाम म्हणजे काय ते कोणत्याही पुस्तकापेक्षा लवकर कळते. तोडणीच्या दिवसांत लहान उत्पादक घाईत असतात, म्हणून भेटीची वेळ काही आठवडे आधी ई-मेलने ठरवून घ्यावी आणि दिवसाला दोनाहून अधिक तळघरे ठेवू नयेत. वेळ न मिळाल्यास बार्बारेस्को गावात एका जुन्या चर्चमध्ये आणि बारोलोत किल्ल्यात प्रादेशिक वाइनगृहे आहेत, तेथे पेल्याच्या हिशेबाने अनेक उत्पादकांच्या वाइन चाखता येतात. गाडी चालवणाऱ्याने घोट थुंकावा. त्यासाठी भांडे ठेवलेलेच असते आणि कोणी गैर मानत नाही. इटलीत रक्तातील अल्कोहोलची मर्यादा लिटरमागे अर्धा ग्रॅम आहे.

येताना प्रत्येक प्रौढ प्रवाशाला भारतात दोन लिटरपर्यंत मद्य सीमाशुल्काशिवाय आणता येते, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या, दोघांच्या मिळून चार. तापमान राखणारे कपाट घरी नसेल तर पुण्याच्या उन्हाळ्यात बारोलो मुरवायला ठेवण्याचा मोह टाळावा आणि वर्षभरात पिऊन होतील अशाच बाटल्या निवडाव्यात: एक लांगे नेब्बिओलो, एक बार्बारेस्को जी आधीच सात-आठ वर्षांची झालेली आहे, एत्नाची एक लाल आणि मिलोची एक पांढरी. चारही बाटल्या कपड्यांत गुंडाळून विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात ठेवाव्यात, आणि घरी आल्यावर आठवडाभर आडव्या, अंधारात विसावू देऊन मगच उघडाव्यात.